शनिवारची किल्ली

आजच्या या निरोप समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या नैसर्गिक अन्न सहकारी भांडाराचे अध्यक्षसाहेब; आपल्या मोहोळांतला पहिला मध दरवर्षी आपल्याच भांडाराला देणारे प्रमुख पाहुणे, मधवाले काका; इतिवृत्ताची वही मांडीवर उघडून बसलेले चिटणीससाहेब; ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या मावशी; आणि समोर बसलेले सभासद बंधुभगिनी. मागे वाटाण्याच्या पोत्यांवर बसलेल्यांनाही माझा नमस्कार. खुर्च्या कमी पडल्या, हे मावशींच्या लोकप्रियतेचं लक्षण आहे. पोती मात्र जरा सांभाळा, त्यांची शिवण माझी नाही, त्यामुळे खात्री देता येत नाही.

समारंभ अकराचा होता. आता साडेबारा वाजले आहेत आणि माझी बस दोन दहाची आहे. ती त्या बाजूला जाणारी आजची शेवटची बस. हे आधीच सांगून ठेवते, पुढे कामाला येईल.

माझी ओळख करून द्यायची राहून गेली, तेव्हा मीच देते. मी समोरच्या गल्लीत कपडे शिवते. भांडारानं प्लास्टिकच्या पिशव्या बंद केल्या तेव्हा चारशे कापडी पिशव्या माझ्याकडून शिवून घेतल्या. त्यातल्या तीनशे आज तुमच्या घरी दारामागच्या खिळ्याला लटकत असतील, कारण इथे येताना एकही जण त्या आणत नाही. पण ते असो. पिशव्या द्यायला आले आणि मावशींनी मला शनिवारी बसवून घेतलं.

शनिवार म्हणजे काय, हे नव्या सभासदांना सांगायला हवं. सकाळी दहा ते एक या हॉलमध्ये मावशींचा कार्यक्रम असतो. कधी कडधान्यांना मोड आणायला शिकायचं, कधी भाज्या आंबवायला, कधी हातजात्यावर पीठ दळून बघायचं. कधी बियाण्यांची देवाणघेवाण, कधी मुलांचा मातीत हात घालायचा तास. कार्यक्रम एकला संपतो, पण मावशींचं काम संपत नाही. बरण्या धुवायच्या, फडकी वाळत घालायची, सांडलेलं झाडायचं आणि चार वाजता कुलूप लावायचं. हे एकोणीस वर्षं चाललं आहे. एकही शनिवार चुकलेला नाही, ताप असतानाही नाही. आपण त्याचं फार कौतुक करतो. एखाद्या माणसाचा एकोणीस वर्षांत एकही शनिवार चुकत नाही, याची खरं तर काळजी वाटायला हवी होती, नाही का?

आठवणी पुष्कळ आहेत. चव ओळखायच्या शनिवारी डोळ्यांवर पट्टी बांधून तीन प्रकारचे मध चाखायचे होते. मधवाले काका, माफ करा, हे आज फुटतंय. काकांना स्वतःचा मध ओळखता आला नव्हता. त्यांनी तो "बाजारातला, साखर घातलेला" म्हणून बाजूला सारला. मावशींनी शांतपणे वाट्या उचलल्या आणि म्हणाल्या, "काकांना आज सर्दी आहे, निकाल पुढच्या वेळी." काका, तुम्हाला सर्दी नव्हती. मी शेजारीच बसले होते.

आणि दुसरी आठवण. एक निवृत्त शिक्षक सूप करायच्या वर्गाला येऊ लागले होते. पत्नी जाऊन महिनाच झाला होता, घरात गॅस कसा पेटवायचा इथपासून सुरुवात. पहिल्याच दिवशी सुरी हातात घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. कुणीकडे बघावं कुणाला कळेना. मावशींनी कपाटातून कांद्यांची टोपली काढली आणि प्रत्येकापुढे दोन दोन कांदे ठेवले. "चिरा बारीक." पाच मिनिटांत अठरा माणसं नाक पुसत होती. सूप गाजराचं होतं. ते कांदे शेवटपर्यंत कुणी वापरले नाहीत.

अशा बाईला निरोप देताना कुणाला बोलावंसं वाटणार नाही? मलाही हाच प्रश्न पडला. कारण कार्यकारिणीत अकरा जण आहेत, सगळे मावशींना माझ्याआधीपासून ओळखतात, आणि तरी मंगळवारी अध्यक्षसाहेब माझ्या दुकानात आले. मशीनशेजारी उभे राहून म्हणाले, "ताई, तुम्ही दोन शब्द बोला." मी म्हटलं, "मी? उपाध्यक्ष आहेत की." तर उपाध्यक्षांचा घसा बसलेला. वजनकाट्यावरच्या काकांचा घसा बसलेला. धान्य निवडणाऱ्या दोघी बहिणींचेही घसे एकाच दिवशी बसलेले. मी भाबडेपणानं विचारलं, "साथ आली आहे का?" अध्यक्षसाहेब हसले, आणि मी होकार दिला.

परवा माहिती घ्यायला मावशींच्या घरी गेले, तेव्हा त्या साथीचा उलगडा झाला. मावशी ट्रंक भरत होत्या. मी वही उघडून विचारलं, "मावशी, तुम्ही या कामात कशा आलात?" त्या हातातलं पातळ घडी करता करता थांबल्या. म्हणाल्या, "अगं, मी कुठे आले? मी दोन शब्द बोलले."

एकोणीस वर्षांपूर्वी शनिवारचं काम एक बाई करत असत, त्या गाव सोडून चालल्या होत्या. त्यांच्या निरोपाला मावशींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याच महिन्यात मावशी थोरल्या बहिणीकडे कायमच्या राहायला जाणार होत्या. हीच ट्रंक तेव्हाही भरलेली होती. भाषणाच्या शेवटी माणूस बोलतो तसं त्या बोलल्या, "तुमचं काम आम्ही पुढे चालवू." हॉलनं टाळ्या वाजवल्या. चिटणिसांनी टाळ्या वाजल्या म्हणजे ठराव मंजूर, असं समजून वहीत लिहून टाकलं. आणि जाणाऱ्या बाईंनी स्टेजवरच किल्ली मावशींच्या हातात ठेवली. "सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार गं?" मावशी मला म्हणाल्या.

तेव्हापासून आपल्या भांडारात हीच रीत पडली. जो निरोपाचं भाषण करेल, त्याच्या गळ्यात ते काम. वजनकाट्यावरचे काका जुन्या काकांबद्दल चार वाक्यं बोलले आणि गेली बारा वर्षं वजनकाट्यावर आहेत. दोघी बहिणींनी मिळून एक कविता वाचली होती. एकीला वाटाणे मिळाले, दुसरीला मसूर. तुम्हा सगळ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी आलेली, काही ठाऊक नसलेली बाई शोधलीत. अध्यक्षसाहेब, हसू नका. मला राग आला आहे. तो हसत हसत सांगते आहे, कारण हातात माइक आहे.

चिटणीससाहेब, पेन खाली ठेवा. मी अजून काहीही म्हटलेलं नाही.

आता माझ्या शनिवाराबद्दल. माझे वडील इथून दोन तासांवर वृद्धाश्रमात असतात, अकरा महिने झाले. आजचा शनिवार सोडला, तर या अकरा महिन्यांत मी शनिवारी इथे एकदाही आलेले नाही, हे कुणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. बाबांना माझं नाव आठवत नाही. मी त्यांची कोण, हेही बहुतेक वेळा आठवत नाही. पण तिथल्या परिचारिका रोज सकाळी भिंतीवरच्या फळ्यावर वार लिहितात. शनिवार लिहिलेला दिसला की बाबा बूट घालतात. नाड्या बांधून घेतात आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसतात. कुणी विचारलं तर सांगतात, "आज माझी मुलगी येते."

तुम्ही म्हणाल, रविवारी जा. गेले होते एकदा, इथलं लग्नसराईचं काम आटोपेना म्हणून. बाबा सपाता घालून बसले होते. मला बघून परिचारिकेला म्हणाले, "या बाईंना पाणी द्या, उन्हातून आल्यात." आणि आत निघून गेले. मी पाणी पिऊन परत आले. तेव्हा रविवारचं मला सांगू नका. आणि इथला कार्यक्रम रविवारी न्यावा म्हटलं, तर रविवारी हा हॉल नाचाच्या वर्गाला दिलेला आहे.

हे सगळं मी अध्यक्षसाहेबांना काल सांगितलं. ते म्हणाले, "ताई, आधी दोन शब्द तर बोला, मग बघू." मावशींनाही असंच म्हणाले असतील. बघता बघता एकोणीस वर्षं गेली.

मी रात्रभर विचार करून नाही म्हणायचं ठरवलं होतं. सरळ कानावर हात ठेवायचे. पण सकाळी मावशींना भेटले, तर त्या माझा चेहरा बघूनच म्हणाल्या, "तुला नाही जमत ना? राहू दे. मी थांबते की अजून सहा महिने." अजून सहा महिने! एकोणीस वर्षांत असे अडतीस सहा महिने झाले. त्यांची बहीण आता त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिला फोनवर ऐकू येत नाही. पूर्वी निदान "पुढच्या महिन्यात येते" असं फोनवर सांगता यायचं, आता तेही सांगता येत नाही. आता नुसतं जाणं उरलं आहे. मी किल्ली घेतली तर बाबा बूट घालून बसून राहणार. नाही घेतली तर तिकडे ती बहीण. सांगा, माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं? घसा बसवून घेतला असता, ठाऊक आहे मला.

खरं सांगू? बोलायला उभी राहिले तेव्हा ठरलं नव्हतं. भाषण लांबवत होते. जोवर बोलते आहे तोवर टाळ्या नाहीत, आणि टाळ्या नाहीत तोवर मी मोकळी, एवढाच हिशेब होता. पण बस दोन दहाची आहे.

मावशी, किल्ली परत पर्समध्ये टाकू नका. मी बघितलं. माझी दया येऊन टाकत होतात, ते कळलं मला. काढा ती बाहेर. पोत्यांवर बसलेल्यांनाही दिसू दे. हरवू नये म्हणून तिला लाकडी चमचा बांधलेला आहे, तो गेली एकोणीस वर्षं मावशींच्या पर्समधून बाहेर डोकावतो. माझ्या हातात देऊ नका. टेबलावर ठेवा, फुलदाणीशेजारी. हं, तिथेच. आता हात काढून घ्या. मावशी, हात.

पुढच्या शनिवारी भाज्या आंबवायचा वर्ग आहे, बावीस जणांनी नावं दिली आहेत. कदाचित त्या बावीस जणांना दाराला कुलूप दिसेल. मला फार वाईट वाटेल, कारण मी इथेच शिकले, इथेच माणसं जोडली. पण कुलूप असेल तर ते तुम्हा सगळ्यांचं असेल, एकट्या बाईचं नाही. ज्याला शनिवार हवा आहे, त्यानं स्वतःहून उठून ती किल्ली उचलावी. दोघांनी मिळून उचलली तरी चालेल. भाषणाची अट नाही.

आता आभार. मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षसाहेबांचे आभार, ती का दिली हे कळलं असूनही. एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल आपले आभार. मधवाले काकांची सर्दी आणि कार्यकारिणीचे घसे लवकर बरे होवोत. बोलण्याच्या भरात कुणाचं मन दुखावलं असेल, कमीजास्त बोलले असेन, तर मी तुमच्यातलीच आहे असं समजून पोटात घाला. चिटणीससाहेब, आता लिहा. एवढंच लिहा, की किल्ली टेबलावर ठेवली.

आणि कृपा करून टाळ्या वाजवू नका.

मावशी, उठा. येताना गल्ल्यामागे तुमची ट्रंक बघितली मी. "थांबते" म्हणत होतात, आणि तरी सोबत आणलीत. एक बाजू मी धरते. स्टँड एकच आहे, बरोबरच जाऊ. बाबांनी सकाळीच बूट घातले असतील.