इटलीचा चौथा गडी

...नाही, पण मला एक सांगा, माणूस एकदा 'नको' म्हणाला म्हणजे त्याला खरंच नको असतं का हो? आपण कोणाकडे गेलो, समोर बशी आली, की लगेच हात घालतो? नाही ना? 'छे छे, आत्ताच खाऊन आलो' म्हणतो, समोरचा 'असं कसं, घ्या हो' म्हणतो, मग 'बरं, तुम्ही म्हणताय तर' करत चांगली मोठी वडी बघून उचलतो! रीत आहे ती! पण आमच्या शिरीषचं तुम्हाला सांगतो, एक 'छे छे' काय म्हणाला बिचारा, त्याची इटली गेली. अख्खी इटली! दुसऱ्यांदा विचारायला काय जातं हो माणसाचं?

शिरीष मूळचा सांगलीचा, तिकडे ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. शहाण्णव सालची गोष्ट. कालगुर्लीत तेव्हा करमणूक काय? जमिनीखाली सोनं, वर माश्या, आणि रविवारी गोल्फ. आता गोल्फ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे हिरवळ आली असेल... हिरवळ! प्यायचं पाणी जिथे पर्थकडून पाइपने येतं तिथे गवत कोण पोसणार? सगळी लाल माती, आणि भोकाभोवती तेल घातलेली काळी वाळू! ती आधी फळीने सारखी करायची, मग चेंडू ढकलायचा. घरी आला की बायको, नीला, दारातच ओरडायची, "बूट बाहेर! खाणीतून आलास की गोल्फवरून, तेसुद्धा कळत नाही!"

तर एका रविवारी नॉर्बर्टने विषय काढला. नॉर्बर्ट म्हणजे हॉस्पिटलातला डॉक्टर, वसईचा, शिरीषचा जिवाभावाचा दोस्त. म्हणे इटलीला जायचं, टस्कनीत! डोंगरउतारावर द्राक्षांचे मळे, मळ्यांच्या मधोमध गोल्फ कोर्स, खरंखुरं गवत असलेला, सकाळी खेळायचं आणि आर्व्होला, म्हणजे तिकडच्या भाषेत दुपारी, कोणाच्या तरी थंडगार तळघरात बसून वाइन चाखायची! ऐकतानाच शिरीषच्या तोंडाला पाणी सुटलं हो. गटात गडी चार. नॉर्बर्ट, त्याची बायको ज्युलियाना, हॉस्पिटलातला केव्ह, झाले तीन. चौथा कोण? शिरीषच की! आणि नॉर्बर्टने विचारलं, बरं का, रीतसर विचारलं, "शिऱ्या, येतोस?"

आणि हा काय म्हणतो? "छे छे, मी कशाला रे मध्ये! जाऊन या तुम्ही." आणि थांबला. वाळूवरची फळी हातात धरून थांबला! की आता नॉर्बर्ट म्हणेल, 'असं कसं, तुझ्याशिवाय काय मजा?' नॉर्बर्ट म्हणाला, "नो वरीज, मेट!" आणि चेंडू ढकलून मोकळा!

अहो, वसईचा माणूस! याच्या आईने शिरीषला गरम गरम फुगे, ते तिकडचे तळलेले गोल वडे हो, वाढले होते तेव्हा 'पुरे' हा शब्द त्या माउलीला ऐकूच येत नव्हता! आणि मुलगा इकडे येऊन 'नो वरीज'? विमानतळावर लोणच्याबरोबर आग्रहसुद्धा कस्टम्सवाल्यांनी काढून घेतला की काय? दुसऱ्यांदा विचारायला काय जातं माणसाचं!

आणि जागा गेली कोणाला? शैलेंद्रला! इंदूरचा डेंटिस्ट, गावात येऊन जेमतेम दोन महिने झालेले, आणि नॉर्बर्टचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणतो कसा, "अरे यार, पूछना क्या, मैं तो चला!" लाज नाही, संकोच नाही! खेळ म्हणाल तर चेंडूपेक्षा मातीच जास्त उडवायचा. पण दुसऱ्याच रविवारी पांढरेशुभ्र बूट घालून हजर! ते बूट बघून शिरीषच्या पोटात जो जाळ झाला, तुम्हाला सांगतो, जेलुसिलची बाटली कमी पडली असती.

बरं, इटलीचे बेत कुठे ठरायचे? शिरीषच्याच घरी! का, तर नीलाची थालीपिठं. ज्युलियाना टेबलभर माहितीपत्रकं पसरायची, पर्थच्या एजंटाचा फॅक्स मधोमध, त्याच्यावर केव्हचा लोण्याचा अंगठा, आणि शिरीष? शिरीष सगळ्यांना ताक वाढायचा. लायब्ररीतून पुस्तक आणून टस्कनी पाठ केली होती पठ्ठ्याने! "सप्टेंबरात जाताय? द्राक्षं तोडायचे दिवस असतात, रस्ताभर ट्रॅक्टर लागतील हं..." "तो कोर्स चढाचा आहे, गुडघे जातील..." आणि शैलेंद्र विचारतो, "ये कियांती क्या है भाई? बीयर?" अरे, तिथली वाइन ती! याला नेताय? याला? जळत होता शिरीष, सरळ सांगतो, जळून कोळसा झाला होता.

नीला म्हणाली, "मग सांग ना नॉर्बर्टला, मला यायचंय म्हणून."

"मी? मी आपल्या तोंडाने सांगू? माणसाला काही मान असतो की नाही?"

"मग बस मान घेऊन. आणि त्या बिचाऱ्या शैलेंद्रकडे असं बघू नकोस, घास अडकतो त्याच्या घशात."

आता दुसऱ्याचं वाईट चिंतू नये. शिरीषने चिंतलं नाही. फक्त, एखादा मुरगळलेला पाय, बारीकसा, असं त्याच्या मनात यायचं. आणि काय सांगू, देवाने ऐकलं! पायाचं नाही, पण शैलेंद्रची इथल्या डेंटिस्टांची परीक्षा नेमकी त्याच आठवड्यात आली! शैलेंद्र बाद! चौथी जागा रिकामी!

त्या दिवशी शिरीषने आरशासमोर उभं राहून तालीम केली. "हो. येतो. हो, येतो!" कठीण असतं हो, लहानपणापासून 'नको' म्हणायला शिकवलेल्या माणसाला! नीला दारातून बघत होती. "जमतंय," म्हणाली.

संध्याकाळी नॉर्बर्ट आणि ज्युलियाना आले. बसले. चहा झाला. आणि नॉर्बर्ट म्हणाला, "शिऱ्या, शैलेंद्र गळला. तू येतोस?" शिरीषने श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि आतून, त्याच्या सात पिढ्यांच्या आतून आवाज आला, "छे छे, अरे, आता ऐनवेळी मी कशाला..."

मेला! स्वतःचाच आवाज ऐकून पांढरा पडला! पण अजून आशा होती, हां. नॉर्बर्टकडे असा बघत राहिला, असा केविलवाणा... विचार रे... एकदा विचार... दुसऱ्यांदा विचारायला काय जातं तुझं...

नॉर्बर्ट मान वळवून म्हणाला, "नीला, तू येतेस?"

"हो," नीला म्हणाली. "कधी निघायचं?"

संपलं! कपबशी खाली ठेवायच्या आत! आणि ज्युलियाना टाळ्या पिटत म्हणते, "मी सांगतच होते, बुधवारच्या लेडीज डेला हिच्याएवढा सरळ कोणी मारत नाही!" बुधवारी नीला क्लबात चहा प्यायला जाते असं समजत होता आमचा शिरीष.

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुला विचारलं होतं ना रे? दोन महिन्यांपूर्वी, आणि आत्ता." नवऱ्याची जागा सख्ख्या बायकोने घेतली, आणि तीसुद्धा रीतसर, नवऱ्यासमोर!

मग निघताना नॉर्बर्ट दारात थांबला. "शिऱ्या, आम्हा चौघांना विमानासाठी पर्थपर्यंत गाडीने सोडशील का रे? बॅगा आहेत, गोल्फचं सामान आहे..." अख्ख्या दिवसाचा रस्ता, आणि येताना एकटा! शिरीष म्हणाला, "छे छे, मी कशाला..."

आणि तुम्हाला सांगतो, नॉर्बर्टने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाला, "असं कसं शिऱ्या? तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला? चल ना रे, प्लीज!"