काळोखातल्या ताऱ्याचा निकाल

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या वेधशाळेचे संचालक फाबियान उर्रेहोला, मंचावरचे पाहुणे, सत्कारमूर्ती एलियाना ओयार्सून, आणि या विकुन्या गावच्या थंडीत अंगातले कोट न काढता बसलेल्या मंडळींनो,

संचालकांनी मला दोनच शब्द बोलायला सांगितलंय. मी संशयी बाई, हे त्यांना ठाऊक आहे. मग मलाच का बोलावलं, याचाही मला संशय आहे.

एलियानाचं काम आपण जाणतोच. कोवळा तारा धुळीत गुरफटलेला असतो. त्या धुळीवरून परतणारा अवरक्त प्रकाश एका ठरावीक दिशेनं थरथरतो. त्या दिशा कागदावर मांडल्या की एकात एक गोल कडी उमटतात, आणि कड्यांच्या मध्याशी त्या प्रकाशाचा धनी असतो. एलियानाला मध्य सापडला तो दिसणाऱ्या ताऱ्यावर नाही, शेजारच्या काळोखात. म्हणजे तिथे एक तारा दडलाय. तिचं नाव झालं. आजच्या केकवरही तो साखरेचा करून बसवलाय, बघा.

मी तेव्हाच म्हटलं होतं, "एली, आपल्या यंत्रातला तिरका आरसा त्या प्रकाशात स्वतःची थोडी थरथर मिसळतो. तेवढ्यानं मध्य सरकतो."

"ते मी वजा केलंय."

"नीट?"

"नेलिदा, तुला चहातली साखरसुद्धा खोटी वाटते."

वाटते. काय करू?

गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे आली. म्हणाली, "यंत्र काटकोनात फिरवून बसव आणि पुन्हा बघ. तारा खरा असेल तर जागचा हलणार नाही. आरशाचा असेल तर दिसणाऱ्या ताऱ्याच्या पलीकडे उडी मारेल. मला आधी सांगू नकोस, समारंभातच सांग. नाहीतर मला बरं वाटावं म्हणून तुम्ही सगळे गप्प बसाल."

मी पाहिलं. मग मला माझाच संशय आला. इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं ना? म्हणून यंत्र उतरवलं, पुन्हा बसवलं, पुन्हा पाहिलं. संचालकसाहेब, खुणा करू नका, मी थांबणार नाही.

एली, तारा पलीकडे गेला. दोन्ही वेळा. तिथे कुणी नाहीये गं. मला फार वाईट वाटतंय.

अगं, उठलीस कुठे? मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगते: तिनं केकवरचा तारा सुरीनं अलगद उचलला आणि माझ्या बशीत आणून ठेवलाय. म्हणतेय, "खा. हा तरी खरा आहे का बघ."

खाल्ला. साखरच आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. काही वावगं बोलले असेन तर माफी असावी. एलीनं दिलीय असं दिसतंय. तरी घरी जाताना तिला पुन्हा एकदा विचारीन.