शुद्धीवर येताना

ताई : चेहरा झाकलास, ते दिसलं मला. आवाजाचं काय केलंस?

छोट्या : आवाज ठेवावाच लागला, ताई. आवाज काढला तर त्या व्हिडिओत उरतं काय? एक नर्स एका म्हातारीवर वाकलीय, एवढंच.

ताई : तेवढंच उरायला हवं होतं.

आई : पण किती गोड बोललीस गं. "घे आजी, श्वास घे, मोठा घे, मी आहे इथं." मी पुन्हापुन्हा ऐकलं. मला तर भरूनच आलं.

ताई : आई, तू जरा थांब. उद्या सकाळी मेट्रनबाईंनी मला चौकशीला बोलावलंय. ड्यूटीवर सरकारी भाषेशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही, असा हुकूम आहे. तो आमच्या चेंजिंग रूमच्या भिंतीवर चिकटवलाय, आणि वाचला म्हणून आम्हा सगळ्यांच्या त्याखाली सह्या आहेत. माझीसुद्धा.

छोट्या : म्हणजे तो हुकूम प्रत्यक्षात काय करतो, हे लोकांना दिसायलाच हवं होतं. आम्ही महिनोन्‌महिने बोंबलतोय, पत्रकं काढतोय, कुणी ढुंकून बघत नाही. हा व्हिडिओ टाकला आणि एका दिवसात सगळीकडे चर्चा. तुला कल्पना आहे का, आमच्या भाषेच्या समितीत लोक रडले ताई.

ताई : समितीतल्यांच्या नोकऱ्या आहेत ना जागेवर? मग रडू देत.

छोट्या : तू असं बोलतेस जणू मी तुझ्या वाइटावर होतो.

ताई : तुला आत सोडलं कुणी? मी. शेजारच्या शिवणवाल्या आजींना कुणी नाही, ऑपरेशननंतर ओळखीचा चेहरा दिसला तर बरं, म्हणून मी तुला पडद्यापाशी उभं केलं. आणि तू मोबाइल काढलास. मला विचारलंसुद्धा नाहीस.

छोट्या : विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

ताई : हो. म्हणूनच विचारतात, छोट्या.

आई : भांडू नका रे. आजी बऱ्या आहेत ना आता, ते बघा. घरी आल्या, काल शिलाई मशीनवर बसल्यासुद्धा.

ताई : बऱ्या आहेत. पण त्या वेळी नव्हत्या. भुलीतून बाहेर येताना माणूस आधी आपल्या भाषेत जागा होतो, मग बाकीचं आठवतं. मी आधी सरकारी भाषेतच सांगत होते, श्वास घ्या, श्वास घ्या. त्यांना काही पोचत नव्हतं. मशीनवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरत चालला. मग माझ्या तोंडून आपलं निघालं. मी कुठला लढा नव्हते लढत. मला भीती वाटली, म्हणून निघालं.

छोट्या : हेच उद्या सांग. जसंच्या तसं. यावर कुणी काय बोलेल?

ताई : बोलतील. गेल्या वर्षी आमच्या दोन सिस्टर आपल्या भाषेत बोलल्या, तिसरीला कळलं नाही, आणि एका पेशंटला तेच इंजेक्शन परत द्यायला निघाले होते. वेळेवर लक्षात आलं. हुकूम तिथून निघाला, हे तुझ्या पत्रकात कधी असतं का?

छोट्या : मग त्यावर उपाय काय? नोंद नीट ठेवा, ड्यूटी सोपवताना सगळ्यांना कळेल असं बोला. पेशंटशी काय बोलायचं ते पेशंटला कळेल असंच हवं ना? इंजेक्शनचं ते नुसतं कारण आहे, ताई. हेतू वेगळा आहे. आपल्या भाषेची शाळा बंद केली तेव्हासुद्धा कारणच होतं, पटसंख्या कमी.

ताई : आणि तुम्ही मोर्चा काढलात. शाळा गेलीच.

छोट्या : म्हणून काढायचाच नव्हता?

ताई : तसं नाही म्हणाले मी. मला कळत नाही, एवढंच म्हणतेय. खरंच कळत नाही.

छोट्या : मी नाव कुणालाही सांगितलेलं नाही, शपथेवर. समितीतसुद्धा नाही.

ताई : मग आमच्या वॉर्डबॉयला कसं कळलं? लिफ्टमध्ये म्हणाला, सिस्टर, तुमचा व्हिडिओ बघितला. त्याला आपली भाषा कळत नाही, आवाजावरून कशाला ओळखेल तो? त्याला कुणीतरी सांगितलंय.

आई : तो उंचेला, कानात बाळी घालणारा?

ताई : हो. तुला कसा माहीत?

आई : दुधाच्या दुकानात येतो तो.

ताई : आई.

आई : अगं, मी काही दवंडी नाही पिटली. रांगेत सगळ्यांच्या मोबाइलवर तेच चाललेलं. एकजण म्हणाली, कोण असेल ही बाई, तिचं भलं होवो. आता मी काय दगड आहे? म्हटलं, माझी लेक आहे. तो मागे उभा आहे आणि दुकानवाला त्याला त्याच्या भाषेत सांगेल, हे मला काय ठाऊक.

छोट्या : धन्य आहेस तू.

आई : तू नको शिकवू मला. व्हिडिओ कुणी टाकला?

ताई : मेट्रनबाई वाईट नाहीत. काल बाजूला घेऊन म्हणाल्या, चेहरा दिसत नाही, तू म्हण माझा आवाज नाही, मी पुढे काही विचारणार नाही.

आई : मग सुटलीस की. म्हण तसं. एवढं काय त्यात?

ताई : ऑपरेशननंतरच्या रिकव्हरी वॉर्डात आपली भाषा येणाऱ्या दोघीच आहोत, आई. मी आणि ती रात्रपाळीवाली. मी नाही, तर ती. मेट्रनबाई विचारणार नाहीत, पण वरचे विचारतील. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला आहे, घर तिच्या पगारावर चालतं.

छोट्या : ताई, म्हणून म्हणतो, उघडपणे पुढे ये. आमचे वकील तयार आहेत. कोर्टात याचिका टाकायची तर ज्याच्यावर अन्याय झाला असा माणूस लागतो, समिती नाही चालत. तू उभी राहिलीस तर उद्या गेटवर शंभर माणसं आणतो मी.

ताई : शंभर नकोत. तू एकटा ये.

छोट्या : म्हणजे?

ताई : आत ये, माझ्याबरोबर. सांग, व्हिडिओ मी काढला, माझ्या बहिणीला न विचारता काढला, मीच टाकला. वॉर्डात मोबाइल काढायला बंदी आहे, ती मी मोडली. नावानिशी सांग. समितीच्या नावानं टाकलायस ना तू? तुझं नाव कुठे आहे त्यात?

(आई गॅस बंद करते.)

आई : त्याला कशाला मध्ये घेतेस?

ताई : मध्ये?

आई : अगं, त्याची मास्तरकीची ऑर्डर यायचीय. पोलिसांची पडताळणी चालू आहे. आत्ता नाव कुठे लागलं तर जन्माचं नुकसान. त्याचं सगळं व्हायचंय अजून. तुझं तसं नाही, तुझी नोकरी पक्की आहे.

ताई : पक्की होती.

आई : मला तसं नव्हतं म्हणायचं.

ताई : तसंच म्हणायचं होतं, आई. मी श्वास घ्यायला सांगितलं तेव्हा तुला भरून आलं, रांगेत छाती फुगली. त्याचं नाव निघाल्याबरोबर तू गॅस बंद केलास.

आई : दोघंही माझीच आहात. एकाला वाचवायला गेले की दुसऱ्याला लागतं. काय करू मी?

ताई : काही करू नकोस. डबा दे, माझ्या ड्यूटीची वेळ झाली.

छोट्या : ताई, बस जरा. मी येतो.

ताई : कुठे?

छोट्या : उद्या. आत. नावानिशी. तू म्हणतेस ते खरं आहे, मी तुला पुढे ढकललं आणि स्वतः पडद्यामागे राहिलो. मला वाटलं होतं लढ्याचं काम आहे, त्यात कोण पुढे, कोण मागे. पण भीती वाटतेय मला, तुला खोटं नाही सांगत.

ताई : मलाही वाटतेय. पण मी उद्या आवाज माझाच आहे म्हणून सांगणार. तिच्यावर नाही ढकलणार. याचिकेचं नंतर बघू. त्याला हो म्हटलं नाहीये मी.

छोट्या : नको म्हणूस. आधी उद्याचं होऊ दे.

आई : मग मीही येते.

ताई : तू येऊन काय करणार आहेस?

आई : बसेन. तिथे बाक असेल ना एखादा? दुकानात मी बोलले नसते तर ही वेळ आली नसती. तेही सांगायला नको का कुणीतरी? आणि दोघं आत जाणार आणि मी इथे घड्याळाकडे बघत बसू, ते नाही जमणार मला.

छोट्या : आई, तिथे सगळं सरकारी भाषेत चालतं. तुला एक अक्षर कळायचं नाही.

आई : नाहीच कळणार. त्या बाई काही विचारतील, मी नुसती मान हलवत बसेन, आणि हो म्हणायचं तिथे नाही म्हणून बसेन. ताई, तू असशील ना शेजारी? त्या काय म्हणतात ते मला सांगशील ना?

ताई : सांगेन.

आई : त्यांच्यासमोर?

ताई : त्यांच्यासमोरच. दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगणार तुला.