मडिकेरीची चार तिकिटं

मडिकेरीला आम्ही दोघंच, मी आन् बायको, जाणार होतो. तिकिटं काढायच्या आधी हसनाबादला आई-बापूंना सांगायला गेल्तो.

बापूंनी विचारलं, “काय हाय तिथं?”

“कर्नाटकातले डोंगर, धुकं, कॉफीचे मळे.”

“आपला मळा सोडून दुसऱ्याचा बघायला एवढा खर्चा?”

आई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “माझंबी तिकीट काढ.”

बापू म्हणाले, “तुला काय बघायचंय?”

“चाळीस वर्षं वाकून खुरपलं. एकदा मळा नुसता उभं राहून बघायचाय.”

बापू माझ्याजवळ सरकून बसले. मंग मला हळूच विचारलं, “तिथं भाकर भेटती का?”

“न्हाई. भात.”

“चालन,” बापू म्हणाले.