टिटवीचा फोन

शिपाई : मॅडम, तिसऱ्यांदा वाजतोय. उचला ना.

मॅडम : वाजू दे.

शिपाई : आणि हे नाव काय लिहिलंय? 'टिटवी'? माणूस आहे का पाखरू?

मॅडम : आमच्या मुख्याधिकारी संघटनेचे अण्णा आहेत. रिटायर झालेत.

शिपाई : मग चांगल्या माणसाला टिटवी कशाला म्हणायचं?

मॅडम : कुठल्याही नगरपालिकेला मुख्याधिकारी बदलायचा असला ना, की ते आधी गुपचूप संघटनेला विचारतात, दुसरा कोणी आहे का म्हणून. मग अण्णा जुन्याला फोन लावतात. धीर द्यायला. त्यांचा फोन आला की समजायचं, खुर्ची गेली.

शिपाई : अगं आई गं! आणि आपली सभा चारला!

मॅडम : ओरडू नकोस. दार लाव.

शिपाई : तरी मी म्हणत होतो, कमान पाडू नका. नगराध्यक्षांच्या वडलांच्या नावाची कमान, मॅडम! सख्खे वडील!

मॅडम : आगीचा बंब अडकला होता तिच्याखाली. पलीकडे गोदाम पेटलेलं.

शिपाई : चाकांची हवा सोडायची होती. बंब खाली बसला असता.

मॅडम : आणि मग ढकलत नेला असता, तू आणि मी? परत वाजतोय बघ. घर नगरपालिकेचं आहे रे, पोरीच्या शाळेचं शेवटचं वर्ष आहे. कुठे जायचं मी?

शिपाई : उचला. स्पीकरवर टाका. मी आहे.

मॅडम : हॅलो... अण्णा.

अण्णा : काय गं पोरी, जेवलीस का?

मॅडम : नाही अण्णा, हे नका विचारू. सगळ्यांना आधी हेच विचारता तुम्ही, मग सांगता. मला माहितीये.

अण्णा : बरं बाई, नाही विचारत. पंख्याचा आवाज केवढा येतोय! तेल घाला त्याला.

मॅडम : अण्णा, सरळ बोला.

अण्णा : सरळ सांगतो. मला आता हे काम झेपत नाही. परवा एकाला पंधरा मिनिटं धीर दिला. रडला बिचारा. नंतर कळलं, त्याला काढलेलंच नव्हतं. नंबर दुसऱ्याचा लागला होता.

मॅडम : अरे बापरे! मग?

अण्णा : मग काय? घाबरून त्याने स्वतःच राजीनामा टाकला. संघटना म्हणाली, अण्णा, आता फोन खाली ठेवा.

शिपाई : (हळूच) मॅडम, म्हणजे हा पण राँग नंबर असेल!

अण्णा : कोण बोललं ते?

मॅडम : कोणी नाही. शिपाई आहे.

अण्णा : राहू दे, राहू दे. जवळ कोणीतरी असलेलं बरं. तर काल आमची बैठक झाली. म्हटलं, माझ्यामागे हे काम कोणाला द्यायचं? मी तुझं नाव सुचवलं.

मॅडम : माझं? ह्यासाठी फोन केलात?

अण्णा : ह्यासाठीच तर. तू गोड बोलतेस, पण खोटं बोलत नाहीस. असं माणूस हवं.

मॅडम : अहो अण्णा! जीव घेतलात माझा! तीन वेळा फोन उचलला नाही मी!

शिपाई : मॅडम, चहा सांगू का? नगराध्यक्षांच्या नावावर?

मॅडम : सांग, सांग! घेते अण्णा, आनंदाने घेते. काय काय करायचं?

अण्णा : काही नाही गं. ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. 'सगळं ठीक होईल' हे तर अजिबात म्हणायचं नाही. माणूस शिव्या देतो, देऊ द्यायच्या. मी स्वतः पहिल्या खेपेला टेलिफोन भिंतीवर मारला होता.

मॅडम : तुम्हाला म्हशीवरून काढलं होतं ना?

अण्णा : तिथल्या नगराध्यक्षांची म्हैस. कोंडवाड्यात टाकली मी. भर बाजारात बसायची. दुसऱ्यांदा काढलं ते पाण्याच्या टाकीवरून. म्हणून तर संघटनेने मला हे काम दिलं.

मॅडम : हो, मेळाव्यात सांगितलं होतंत तुम्ही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणून ज्याची खुर्ची एकदा तरी गेलीय, त्यालाच हे काम द्यायचं. नियमच आहे तो...

अण्णा : हं.

मॅडम : पण अण्णा, माझी तर कधीच...

शिपाई : मॅडम, चहा किती सांगू? दोन की तीन?

मॅडम : थांब जरा. अण्णा?

अण्णा : ऐकतोय मी. फोन ठेवत नाही.

मॅडम : बंब अडकला होता हो. खरंच अडकला होता.

अण्णा : माहितीये मला.

मॅडम : (शिपायाला) चहा नको सांगूस.

अण्णा : आता विचारू?

मॅडम : विचारा.

अण्णा : जेवलीस का, पोरी?