अशुअर म्हणजे काय, ताई?

हॅलो? … हां, बोल गं. … जेवतेय. ऑफिसातच. डब्यात कालचंच आहे, तू बोल.

पत्र आलं? … आमच्या ऑफिसचं. … अच्छा.

हो, हो… अगं ऐक ना, सावकाश वाच. तुझं इंग्रजी म्हणजे चढावर सायकल. … चिडतेस काय, थट्टा केली. वाच.

हं… बोटीशी अकरा दिवस संपर्क नाही… ते माहितीच आहे. पुढे. … 'वी अशुअर यू'… हं. शोधाचे सर्व प्रयत्न चालू आहेत. … हो, तसंच आहे ते.

छोटीने शब्दकोश काढला? … खात्री देणे. … नाही, तिचं काही चुकलं नाही.

अगं, पण नवरा येणार असं लगेच सासूबाईंना कशाला सांगितलंस? … शेजारीपण? … त्याच्या निळ्या शर्टाला इस्त्री… दाढीला नवं ब्लेड. … बाई गं.

ऐक. ऐक ना. अशुअर… कसं सांगू? अशुअर माणसाला करतात. समोरच्याचा जीव थाऱ्यावर यावा म्हणून. तू छोटीला सांगतेस ना, इंजेक्शन दुखणार नाही म्हणून? … हो, दुखतंच. … तेच म्हणतेय मी. दिलासा असतो. पुढे काय होईल, ते त्यात नसतं.

… नाही, तुझा नवरा सापडेल असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. पुन्हा वाच. … मला कसं माहीत म्हणजे? नऊ वर्षं इथे बसतेय मी.

कोणी लिहिलंय ते काय करायचंय तुला? खाली साहेबांची सही आहे. … तारीख? … पेनानेच असते. … सातच्या पोटात आडवी रेघ. …

हो. माझंच अक्षर.

अगं, चौदा घरांना हेच गेलंय. मजकूर ठरलेला असतो, मी नावं बदलते. … तुझंही. मीच टाइप केलं. … हो, बसले आणि केलं.

तारीख मागून घालतात म्हणून पेनाने. … कारण पत्रं आधीच करून ठेवतो, एकदम. … राहू दे ना. … एकदम म्हणजे दोन. प्रत्येक घराला दोन. आधी हे जातं.

हॅलो? … आहेस ना?

दुसऱ्यात काय ते नको विचारूस. … नको ना गं. … माझ्या ड्रॉवरमध्ये. … सकाळी साहेब म्हणाले, तारखा घाला. … आजची. … शोध काल दुपारीच थांबवला. … तेरा पत्रांवर घातली. तुझं तेवढं राहिलंय. चारला शिपाई टपाल न्यायला येईल.

मी येते तिकडे. हाफ डे टाकते. … नको? का नको? … मी दारात दिसले की खरं होईल म्हणून? … अगं, आता सांगितलंच ना मी. … बरं. नाही येत. मग टपालात टाकू? … तेही नको. … मग काय करू मी त्याचं? तूच सांग. … सांग ना गं.

हॅलो? … कोण, छोटी? … आई कुठेय? … इस्त्री? पुन्हा त्याच शर्टाला? … करू दे. तू तिच्याजवळच बस हं.

हो, मावशीच. … शब्द तू शोधलास? शाब्बास. … हो गं राणी, खात्री देणे. तसंच दिलंय. … हो, बरोबरच आहे. …

नाही, ऐक, बाबा कधी येणार ते नाही त्यात… अगं थांब, फोन ठेवू नकोस, आजीला सांगायला कुठे पळतेस? … छोटी? … छोटी?