पांढऱ्यावर पिवळं

नाही, पिवळा नको. — काळ्यावर उठून दिसतो, माहितेय रे! मला काय सांगतोस? फायली कॉपी करायचा हा प्रोग्राम लिहिला कोणी? मीच ना? काही चुकलं की येणाऱ्या संदेशाला पिवळा पण मीच घातला होता, हौसेनं, दिवसभर रंग लावून लावून बघत. लाल बघून लोक घाबरतात, निळा काळ्यात बुडतो, पिवळा कसा झकास! सगळं माझ्याच स्क्रीनवर बघितलं. माझी काळी, म्हणजे सगळ्या जगाची काळी! — बस ना, उभा का?

माझा दादा वापरायचा हा प्रोग्राम. भूगोलाचा मास्तर, कॉम्प्युटरचा नि त्याचा छत्तीसचा आकडा, पण बहिणीनं केलाय म्हणून हट्टानं शिकला. डोळे अधू, म्हणून स्क्रीन पांढरी ठेवायचा. पांढऱ्यावर पिवळं — थांब, दाखवते. वाच. — नाही ना येत? त्यालाही नाही आलं. आईच्या आवाजाच्या फायली होत्या त्याच्याकडे — शेवटच्या वर्षी तिच्याजवळ बसून रेकॉर्ड केलेल्या, माहेरच्या गोष्टी सांगतेय, मधेच आम्हाला शिव्या घालतेय. जुनी डिस्क कुरकुरायला लागली म्हणून नवीवर कॉपी करायला घेतल्या. प्रोग्राम म्हणाला, ‘जागा अपुरी, कॉपी झाली नाही.’ पिवळ्यात म्हणाला. ह्याला स्क्रीन कोरी दिसली — कोरी म्हणजे सगळं ठीक, हेही मीच शिकवलेलं — आणि त्यानं जुनी डिस्क मोडीत द्यायची म्हणून पुसून टाकली.

पाणी नको मला, राहू दे. — फोनवर रडत होता रे, साठीचा माणूस! ‘आईचा आवाज घालवला गं मी, माझेच डोळे फुटले होते.’ मला तिथल्या तिथे कळलं, काय झालंय ते. सांगितलं का? कुठल्या तोंडानं सांगणार? म्हटलं, भेटल्यावर सांगू. रंग मात्र त्याच दिवशी गुपचूप काढला. मग भेटलो, दहादा भेटलो — दर वेळी तोच आधी माफी मागायचा, आणि मी विषय बदलायचे. चार वर्षं! अगदी शेवटी, दवाखान्यात, हात धरून — ‘छकुले, राग नाही ना गं माझ्यावर?’ आणि मी काय म्हणावं? ‘नाही रे दादा, कधीच माफ केलं.’ माफ केलं म्हणे! मी! त्याला!

— जा तू. ज्याच्या त्याच्या स्क्रीनवर बाकीची अक्षरं असतात त्याच रंगात संदेश राहू दे, आणि त्याच्या आधी ‘चूक’ असा शब्द घाल. जा म्हटलं ना. दार ओढून घे.